कोड्याचे दोन साक्षीदार

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी, की राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असा शब्द होता. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरो वा न उतरो, मराठी माणसाने तिचा वाक्प्रचार करून ती जपली. एका अक्षरात किती सामर्थ्य असते, याची आपल्या भाषेला असलेली जाण त्यातून दिसते. शब्दकोडे या एरवी विरंगुळा म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या प्रकाराचा विचार करताना मला ही कथा वारंवार आठवते.

आपल्या दैनिकांतील कोडे बहुधा समानार्थी शब्दांचे असते. ‘कमळ’ असे सूत्र दिले, की उत्तर ‘जलज’ असेल किंवा ‘पंकज’. आडव्या-उभ्या शब्दांच्या गाठीवरून एकाची निवड करावयाची. कूट कोड्याची रीत निराळी. तेथे प्रत्येक सूत्र दुपेडी असते. एक पेड उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा त्या शब्दाची घडण सांगतो. दोन्ही पेड एकाच शब्दापाशी येऊन मिळाले, की उत्तर सिद्ध झाले. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी ठरवू नये, दोन वा तीन साक्षीदार हवेत, असा दंडक अनुवादाच्या पुस्तकात आहे. कूट कोड्याचे सारे शास्त्र या दंडकात सामावले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यावर पंधरा गुणिले पंधरा घरांचे एक मोठे कोडे रचण्याचा खटाटोप मी केला. त्यातील काही सूत्रे उकलीसह येथे ठेवतो.

‘मातीचे पसरट भांडे गिरणीच्या भोंग्याने जागे होई’ (३). उत्तर : परळ. ‘परळ’ म्हणजे मातीची उथळ थाळी, हा पहिला साक्षीदार; गिरण्यांची वस्ती हा दुसरा. क्रियापद ‘होते’ नसून ‘होई’ आहे, हेही हेतुपुरस्सर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते भोंगे एकेक करून मुके झाले. सूत्रकाराने काळाच्या बाबतीतही खोटे बोलू नये.

‘हत्ती, तोही हडकुळा! लालबागला जाणाऱ्याने येथे उतरावे’ (२, २). उत्तर : करी रोड. ‘करी’ म्हणजे हत्ती, ‘रोड’ म्हणजे कृश. ‘रोडावणे’ हे क्रियापद आपण अजून वापरतो. त्यामागचे विशेषण मात्र विस्मृतीत चालले आहे. स्थानकाच्या नावाचा हत्तीशी काडीचाही संबंध नाही, आणि गंमत आहे ती तेथेच.

‘आंबट शेंगेपुढे रिकामी जागा, भाद्रपदात तेथे चिंतामणी बसतो’ (५). उत्तर : चिंचपोकळी. चिंच अधिक पोकळी. ज्यास आपल्याकडे सभंग श्लेष म्हणतात, तोच हा प्रकार. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत, म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नव्हे, केवळ तिची चौकट परकी. ती चौकट आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये प्रथम छापली.

चौथे सूत्र माझ्या चुकीचे. ‘दादऱ्याचा काना गळाला, की दोन्ही रेल्वेमार्गांच्या गाड्या थांबतात’ (३), असे मी प्रथम लिहिले. उत्तर अर्थातच दादर. पण ‘दादरा’ या शब्दात काने दोन आहेत! कोणता गळाला, हे मी सांगितलेच नव्हते. पहिला काढला तर ‘ददरा’ असा निरर्थक शब्द उरतो, हे खरे. परंतु वाचकाने माझी ढिलाई भरून काढावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. ‘शेवटचा काना’ असे दुरुस्त केल्यावर सूत्र निर्दोष झाले. काना, मात्रा, वेलांटी यांच्याशी खेळण्याची ही सोय रोमन लिपीत नाही. मराठी कूट कोड्याचे स्वतंत्र वैभव निर्माण होईल ते येथून.

याच सोयीची दुसरी बाजू अडचणीची आहे. ‘दादर’मधील शेवटच्या ‘र’वर ‘परळ’मधला ‘र’ सुखाने बसतो. पण ‘लालबाग’च्या ‘ग’वर ‘गिरगाव’ उभे करू गेलो, तर ते जमत नाही. गिरगावात ‘गि’ आहे, ‘गा’ आहे. नुसता ‘ग’ नाही. इंग्रजी कोडेकारास सव्वीस अक्षरे सांभाळावी लागतात. आपल्याला बाराखडीच चारशेच्या पुढे नेते, जोडाक्षरे वेगळीच. म्हणून मराठीचे मोठे कोडे काळ्या घरांनी भरते आणि उभ्या-आडव्या शब्दांचा परस्परांना मिळणारा आधार विरळ होतो. अशा वेळी सूत्रातील दुसरा साक्षीदार अधिकच आवश्यक ठरतो.

तो नसला की काय होते, हे मुंबई राज्याने एकदा अनुभवले आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे तेव्हा मोठे पेव फुटले होते. बेंगळुरूहून निघणाऱ्या एका पत्रातील कोडी मुंबई राज्यात येत, आणि राज्याने त्यांवर बसविलेल्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कल्पनेसाठी मीच रचलेला एक नमुना पाहा : ‘संसार सुखाचा होण्यास — लागते.’ धन की मन? दोन्ही तितकेच योग्य. बरोबर कोणते, हे संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तरावर अवलंबून. तेथे साक्षीदार एकच, आणि तोही बंद पाकिटातला. पुन्हा एकदा ‘ध’चा ‘म’च, मात्र या वेळी प्रवेशशुल्क घेऊन. १९५५च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांतील बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्पर्धा कौशल्याच्या नसून जुगाराच्या आहेत, असा निर्णय दिला. न्यायमूर्तींना साहित्यसमीक्षा करावयाची नव्हती. तरीही शब्दकोड्याविषयी इतका नेमका अभिप्राय क्वचितच कोणी दिला असेल.

इंग्लंडमध्ये १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’साठी कोडी रचणाऱ्या पॉविस मॅथर्स यांनी ‘टॉर्केमादा’ हे टोपणनाव घेतले होते. स्पेनमधील धर्मन्यायाधिकरणाच्या पहिल्या महान्यायाधीशाचे ते नाव. सोडविणाऱ्याचा छळ हाच त्यातला विनोद. पुढे १९३९पासून ती जागा चालविणाऱ्या मॅकनट यांनीही तशाच दुसऱ्या महान्यायाधीशाचे, ‘झिमेनेस’ हे नाव धारण केले. परंतु त्यांनी आग्रह धरला तो सचोटीचा. सूत्राने फसवावे, पण खोटे सांगू नये. त्यातील एकही शब्द फुकट नसावा. नाव छळाचे, नियम न्यायाचे.

आपल्या कोडेकारांकडे आणि संपादकांकडे माझे मागणे एवढेच आहे. दुसऱ्या दिवशी आपण उत्तरे छापतो, उकल छापत नाही. ‘करी रोड’ एवढेच छापले, तर ज्याला ते सुटले नाही त्याच्या हाती एक स्थानक लागते. हत्ती आणि रोडपणा सांगितला, तर दोन विसरलेले शब्द लागतात, आणि आपली फसवणूक झाली नाही याची खात्रीही. प्रत्येक उत्तरापुढे उकलीची एक ओळ घालावी. निदान दिवाळी अंकातील मोठ्या कोड्यापुरती तरी. जागा अर्ध्या पानाहून अधिक लागणार नाही.