कादंबरीतील निवेदकाची निवड : 'पण लक्षात कोण घेतो' आणि 'बनगरवाडी' यांच्या संदर्भात

कादंबरीच्या निवेदनपद्धतीचा विचार आपल्याकडे बहुधा व्याकरणाच्या अंगाने होतो. प्रथमपुरुषी निवेदन की तृतीयपुरुषी, एवढे नोंदवले की समीक्षक कथानकाकडे वळतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तर 'मी' म्हणजे लेखकच, असे सरसकट गृहीत धरलेले आढळते. वास्तविक कादंबरीकार निवेदक निवडतो तेव्हा त्या निवेदकाला काय ठाऊक असावे, यापेक्षा काय ठाऊक नसावे, हे तो ठरवीत असतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. कादंबरी लिहू पाहणाऱ्यालाही हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊन १८९३ साली पुस्तकरूप झाली. एका पुरुषाने ती यमुनेच्या मुखातून सांगितली, याचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. परंतु तिचे खरे बळ 'स्त्रीच्या मुखातून' या गोष्टीपेक्षा तिथे दोन यमुना आहेत यात आहे. एक लहानगी यमू. घरातील वडीलधाऱ्यांचे वागणे तिला दिसते, पण त्यामागचे कारण कळत नाही. दुसरी, सारे भोगून झाल्यावर लिहिणारी. वडिलांचा धाक, आईचे मुकाट सोसणे हे आधी मुलीच्या डोळ्यांनी समोर येते आणि त्याचा अर्थ मागाहून उमगतो. सर्वसाक्षी निवेदक असता तर त्याने तो अर्थ पहिल्याच वाक्यात सांगून टाकला असता. मैत्रीण दुर्गा हिचे हालही यमूच्या कानांवर येतील तेवढेच वाचकाला कळतात, आणि त्या अपुरेपणामुळेच ते अधिक बोचतात. पुढे यमुनेवर केशवपनाची सक्ती होते, तेव्हा ते सांगणारी व्यक्ती तीच आहे. तिच्या वतीने कोणी सुधारक बोलत नाही.

मात्र हरिभाऊंना हे सर्वत्र साधलेले नाही. काही ठिकाणी यमुना दीर्घ विवेचन करू लागते, आणि तेव्हा पुण्याच्या सभेतील वक्ताच तिच्या आडून बोलतो आहे असे वाटते. पाल्हाळ हा हरिभाऊंचा दोष म्हणून नेहमी दाखवला जातो. इथे तो निवेदकाची मर्यादा ओलांडण्याचा दोष आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) ही मर्यादा क्वचितच ओलांडली जाते. राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमणुकीवर येतो. तो त्यांच्यातला नाही. कारभारी, आनंदा रामोशी, अंजी यांच्या मनात तो शिरत नाही; त्यांचे बोलणे-चालणे पाहतो आणि पाहिले तेवढे सांगतो. अंजीसाठी चोळी शिवून आणण्याच्या साध्या कामातून गैरसमज उठतो, कारभारी अबोला धरतो आणि मास्तराला आपले काय चुकले ते उशिरा कळते. वाचकही त्याच्याबरोबरच उशिरा शहाणा होतो. शेकूची बायको बैलाच्या जोडीने स्वतः जू खांद्यावर घेते, तो प्रसंगही बाहेरूनच पाहिलेला आहे. तिला त्या वेळी काय वाटले, याबद्दल माडगूळकर काही सांगत नाहीत. सांगितले असते तर त्या बाईची कीव करण्याची सोय वाचकाला झाली असती. पुढे दुष्काळ येतो, वाडी उठते. मास्तर तेव्हाही तिथला साक्षीदारच असतो.

निवेदकांची संख्या वाढवल्याने दृष्टी वाढतेच, असे नाही. 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) सहा. दोन्हींची लोकप्रियता वादातीत आहे. तथापि प्रकरणाचा मथळा झाकून एखादा परिच्छेद वाचल्यास बोलणारा कोण, हे ओळखणे पुष्कळदा कठीण जाते. अलंकृत भाषा सर्वांच्या तोंडी एकसारखीच आहे. माणूस बदलला, पण त्याचे अज्ञान बदलले नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासापुरता नाही. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या कादंबरीची काही प्रकरणे वाचायला दिली. आईची कथा, आईच्याच 'मी'मधून. प्रसंग अस्सल होते. परंतु ती आई 'शोषण', 'व्यवस्था' असे शब्द वापरीत होती. हे शब्द तुझ्या आईचे आहेत का, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. आईला आवाज द्यावा ही त्याची इच्छा खोटी नव्हती, आणि तसे लिहिण्याचा अधिकार त्याला हरिभाऊंपेक्षा कितीतरी अधिक होता. तरीही पानावर बोलत होता तो पदवीधर मुलगाच.

त्याने ती प्रकरणे आता सात वर्षांच्या मुलाच्या नजरेतून पुन्हा लिहायला घेतली आहेत. कोपीबाहेर मुकादम येतो, आई उठून जाते, हलक्या आवाजात काही बोलणे होते. मुलाला ते ऐकू येत नाही. आई परत येऊन चुलीपाशी बसते आणि प्रकरण तिथे थांबते.