फट, वेत आणि पिकलेला साग

चंदीगडची ही खुर्ची आधी बाजूने पाहावी. समोरून ती कुठल्याही जुन्या कचेरीतली वाटते. बाजूला गेलं की पाय दिसतात: शाळेतल्या कर्कटकासारखे फाकलेले, हातांखाली एकत्र आलेले. वास्तुविशारद पिएर जानरे १९५१ ते १९६५ चंदीगडला राहिले. तिथल्या कचेऱ्यांसाठी त्यांनी आणि उर्मिला युली चौधरींसारख्या सहकाऱ्यांनी मुख्यतः साग आणि वेत वापरून फर्निचर घडवलं. पुढे नवं सामान आलं आणि या खुर्च्या भंगाराच्या भावाने गेल्या. आज परदेशी लिलावांत त्यांना लाखांची बोली लागते, आणि बंगळुरूत दीपक श्रीनाथ व अपर्णा राव यांच्या ‘फँटम हँड्स’ या कार्यशाळेत त्या पुन्हा हाताने घडतात.

तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे पाठ आणि बैठक यांच्यामधली फट. पाठीची चौकट बैठकीला टेकतच नाही; हातांच्या आधाराने अधांतरी राहते. तेवढ्या रिकाम्या जागेने भक्कम सागाचं ओझं डोळ्यांवरून उतरतं. उरलेलं काम वेताचं. दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरपे, आणि मधोमध अष्टकोनी भोकं. घामेजलेल्या पाठीला वारा लागतो तो इथूनच. आपल्याकडे सरकारी खुर्च्यांची ही वीण कित्येक अंध कारागीर बोटांच्या अंदाजाने घालत आले. डोळे मिटून हात फिरवून पाहा, ती बोटांसाठीच आहे हे पटतं.

अशा खुर्चीला जुन्या घराच्या तुळईतला साग मिळाला तर दुधात साखर. नवं, ओलसर लाकूड वाळताना आखडतं आणि सांधा उघडा पडतो. छपराखाली पन्नास-साठ वर्षं पिकलेला साग आपल्या जागी गप्प बसतो. त्यातलं कुसू खाचेत घट्ट राहतं. मात्र कष्ट दुप्पट. रंधा लावण्याआधी खिळे शोधून उपटावे लागतात. एखादा राहून गेला तर पात्याला खाच पडलीच. खिळ्याच्या जागी लोखंडाने काळवंडलेला एक ठिपका उरतो. तो पॉलिशखाली झाकू नये. या खुर्चीत नक्षी नाही, कोरीवकाम नाही. तेवढा एक ठिपका तिला शोभतो.

बंगळुरू असो की पुणे, जुनी घरं रोज पडताहेत. तुमचं घर पाडायला काढलं असेल, तर तुळया वखारीत धाडण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला दाखवा.