पी = ०.६ : नकाशावरचा बांध आणि शिवारातला बांध

जमिनीची धूप या विषयावर पीएच.डी. करायचा विचार असेल, तर वाचनाच्या पहिल्या काही महिन्यांतच एकाच साच्याचे ढीगभर पेपर तुमच्यासमोर येतील. एक पाणलोट क्षेत्र घ्यायचं, उपग्रहाची चित्रं उतरवायची, जीआयएसमध्ये धुपीचं समीकरण चालवायचं, लाल-पिवळा-हिरवा नकाशा काढायचा. आणि शेवटी एक वाक्य टाकायचं की लोकसहभागातून मृद्‌संधारण केल्यास धूप लक्षणीय कमी होईल. प्रस्तावनेतला आकडाही ठरलेला असतो: भारतात दरवर्षी ५३३.४ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी १६.३५ टन. हा ध्रुव नारायण आणि राम बाबू यांचा १९८३ सालचा अंदाज. देशाची सरासरी म्हणून तो ठीक आहे, पण उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एखाद्या शिवाराबद्दल तो काहीच सांगत नाही.

शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत बसून असा नकाशा लॅपटॉपवर दोन दिवसांत होतो. त्यात वाईट काही नाही. माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे.

आधी समीकरण काय आहे ते बघू. विश्मायर आणि स्मिथ यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी १९७८ साली काढलेली ५३७ क्रमांकाची पुस्तिका हा त्याचा मूळ ग्रंथ. पावसाचा मारा (आर), मातीचा स्वभाव (के), उताराची लांबी आणि तीव्रता (एलएस), जमिनीवरचं झाकण (सी) आणि संधारणाचे उपाय (पी) यांचा हा सरळ गुणाकार. प्रमाण मानलेला वाफा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा. पातळ थराने आणि बारीक चरांतून जाणारी माती यात मोजली जाते. ओघळ यात येत नाही, नाल्याचा काठ ढासळला तर तोही येत नाही.

‘आर’बद्दल थोडक्यात. आपल्याकडे बहुतेक जण ७९ + ०.३६३ × वार्षिक पाऊस हे सूत्र वापरतात. ६०० मिलिमीटरला उत्तर येतं साधारण २९७. हा पाऊस सावकाश पडला की चार मुसळधार सरींत, उत्तर तेच. सोलापूरच्या पावसाचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला यापुढे सांगायला नको.

खरी गडबड ‘सी’मध्ये आहे. हा आकडा बहुतेक वेळा एनडीव्हीआयवरून, म्हणजे चित्रातल्या हिरवेपणावरून काढतात. ढग नसलेलं चित्र मिळतं नोव्हेंबर-डिसेंबरात. आता आपल्या भागातलं पीक आठवा. भारी काळ्या रानात शेतकरी पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या देऊन जमीन मोकळी ठेवतो आणि रब्बी ज्वारी पेरतो सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. इकडे सर्वांत जास्त पाऊस पडतो सप्टेंबरमध्येच. म्हणजे पाऊस झोडपतो तेव्हा रान उघडं, आणि उपग्रहाचं चित्र घेतो तेव्हा ज्वारी गुडघ्याला लागलेली. नकाशा म्हणतो, झाकण उत्तम!

माळरानावर याच्या उलट चालतं. बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जा. पावसाळा संपताना गवत उभं असतं, फेब्रुवारीपर्यंत ते वाळून काड झालेलं असतं. पुढे वणवा लागला तर वळवाचा पाऊस उघड्या मातीवर पडतो, नाही लागला तर वाळल्या गवतावर. धुपीत केवढा फरक! पण नोव्हेंबरच्या चित्रात दोन्ही माळ सारखेच हिरवे. त्यामुळे जाळरेषा काढणं, गवत वेळेवर कापून नेणं ही सगळी मेहनत समीकरणात शून्य ठरते. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत लावली. त्यात चारा मिळतो, जळण्याजोगं गवत कमी राहतं आणि मुळं-खुंट माती धरून ठेवतात. एकाच कामाचे हे तीन परिणाम, आणि ‘सी’ला त्यातला एकही दिसत नाही.

वणव्यांची उपग्रह-नोंद जोडून घेऊ म्हणाल, तर जपून. मोडिसचा एक ठिपका साधारण १ किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा, आणि दुपारची फेरी दीडच्या सुमाराची. चार वाजता पेटलेलं गवत पाचला विझलं तर नोंद नाही. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘वणवा नाही’ असं लिहू नका.

आता ‘पी’. पुस्तिकेतल्या तक्त्यात १ ते २ टक्के उतारावर समतल मशागतीला ०.६ दिलेलं आहे. विद्यार्थी सरकारी यादीत ‘बांधबंदिस्ती झाली’ असं दिसलेल्या क्षेत्राला ०.६ देतो, उरलेल्याला १. समीकरण चालवतो आणि निष्कर्ष लिहितो: संधारणामुळे धूप ४० टक्के कमी झाली. अहो, ते ४० टक्के तुम्हीच घातले होते! गुणाकारात आत टाकलेला आकडा बाहेर आला, त्याला शोध कसं म्हणायचं?

आणि हे सोलापुरात बसून करणं तर फारच विचित्र. १९३३ साली इथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झालं. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर या पट्ट्यात समतल बांधांची मोठी कामं झाली. त्या बांधांचं पुढे काय होतं, यावर जॉन केर आणि एन. के. संघी यांचा १९९२ सालचा निबंध जरूर वाचा. त्यांचं म्हणणं असं की समतल बांध समपातळीने जातो, शेताची हद्द तशी जात नाही. त्यामुळे रानाचे कोपरे तुटतात, पाणी कुणाच्या रानात सोडायचं यावर कुरबूर होते, आणि शेतकरी तो बांध मोडून धुऱ्यावर आपला बांध घालतो. शिवाय तो ओघळीत दगड रचून माती अडवतो आणि तिथे नवा तुकडा तयार करतो. ओघळ, म्हणजे नेमकी तीच जागा, जी समीकरण मोजतच नाही. निबंधाची मर्यादाही आहे: भर स्वतःच्या मालकीच्या रानावर आहे, गायरानाचा आणि माळाचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

असा नकाशा निधी वाटायला वापरला, तर मोडलेल्या बांधाचं गाव हिरवं दिसेल आणि माळ जळू न देणाऱ्या गावाच्या पदरात काहीच पडणार नाही.

मग करायचं काय? ‘सी’ महिन्यागणिक काढा आणि त्या महिन्यातल्या पावसाच्या माऱ्याचा भार द्या. हे माझं डोकं नाही, मूळ पुस्तिकेची पद्धत पिकाच्या अवस्थांनुसार अशीच आहे, आपणच ती सोपी करून बिघडवली. ‘पी’साठी बांधावरून चालावं लागेल. वहीत एवढं लिहा: बांध कुठे फुटलाय, सांडवा कुणाच्या रानात उतरतो, मागच्या पावसाळ्यानंतर दुरुस्ती कुणी केली. ओघळीतल्या दगडी बांधामागे साचलेल्या गाळाची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजा आणि बांध किती वर्षांचा आहे ते रानमालकाला विचारा. दहा बांध मोजून झाले की तुमच्याकडे समीकरणाबाहेरचा पुरावा असेल, आणि मार्गदर्शकांनी ‘०.६ कुठून आणलं?’ असं विचारलं तर दाखवायला ती वही असेल.