साबुदाण्याएवढ्या गोळ्या आणि अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा

शिक्षकदालनात सर्दीचा विषय निघाला, की कुणीतरी पिशवीतून साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली काढतेच. "चार गोळ्या जिभेखाली ठेवा. साइड इफेक्ट काही नाही." हे खरे आहे. ते का खरे आहे, हे मात्र शालेय रसायनशास्त्रातून तपासता येते.

होमिओपॅथीची मांडणी साम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरांनी १७९६ मध्ये केली. मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून जोराने हलवायचा. त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत. बाटलीवरचा ३० हा आकडा म्हणजे अशा तीस पायऱ्या. बारा पायऱ्यांतच विरलन १०²⁴ पट होते आणि एका मोलमध्ये रेणू असतात सुमारे ६.०२२ × १०²³. एक मोल पदार्थापासून सुरुवात केली, तरी बाराव्या पायरीनंतर उचललेल्या भागात एखादा रेणू असला तर असला. तिसाव्या पायरीला ती आशाही उरत नाही. हानेमान यांचा यात दोष नाही. ते १८४३ मध्ये वारले. रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये केला. आपल्याला मात्र ही सबब नाही.

मग 'पाण्याला स्मृती असते' असा बचाव येतो. फ्रान्समधील झाक बेनव्हेनिस्त यांचा तशा आशयाचा निबंध 'नेचर'ने जून १९८८ मध्ये छापला, पण प्रयोग आमच्यासमोर करून दाखवा, या अटीवर. संपादक जॉन मॅडॉक्स, संशोधक वॉल्टर स्टुअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी प्रयोगशाळेत गेले. नळ्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि संकेतांचा लिफाफा छताला चिकटवून ठेवला. कोणत्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्याला कळेनासे होताच परिणाम नाहीसा झाला. बेनव्हेनिस्त लबाड होते असे यातून ठरत नाही. प्रामाणिक डोळ्यालाही हवे ते दिसते, एवढेच ठरते.

"पण मला गुण आला, त्याचे काय?" लहानपणी आई आम्हाला याच गोळ्या देई आणि आम्ही बरे होत असू. सर्दी तशीही आठवड्यात जाते. आपण औषध घेतो ते त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतर उतार पडायचाच असतो. म्हणून गोळी घेणाऱ्यांची तुलना नुसती साखर घेणाऱ्यांशी करावी लागते. अशा चाचण्या तपासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात नाही.

तरीही लोक तिकडे जातात, याला आधुनिक वैद्यकही जबाबदार आहे. होमिओपॅथ तासभर ऐकून घेतो; सरकारी दवाखान्यात दोन मिनिटे मिळणे कठीण. ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांची संख्या आणि वेळ वाढवणे. साखरेच्या गोळ्या नव्हे. सर्दीत चालून गेले ते बाळाच्या न्यूमोनियात, दम्याच्या झटक्यात किंवा क्षयरोगात चालत नाही. तेथे अपाय गोळीने होत नाही, फुकट गेलेल्या दिवसांनी होतो.

वर्गात शाईचा एक थेंब घ्या आणि नव्याण्णव थेंब पाणी. कितव्या पायरीला रंग दिसेनासा होतो, ते मुलांनाच मोजू द्या. पुढच्या पायऱ्यांचे गणित ती स्वतः करतील.