मोफत कला आणि फिरणारी थाळी

डोंगरी म्हटलं की मुंबईकराला सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी आठवते. आपण आज बसलो आहोत ती उत्तनच्या वाटेवरची. इथून भाईंदर स्टेशनला बस, पुढे चर्चगेट लोकल, मग चालत काळा घोडा. तिथला कलामहोत्सव १९९९ पासून भरतो आहे. नऊ दिवस, उघड्यावर नाच, गाणी, पथनाट्यं, आणि प्रवेश मोफत. (आपल्याला जायला-यायला भाडं पडतं, ते सोडा.) आज आम्हाला बोलायचं आहे ते या ‘मोफत’बद्दल.

आधी चांगलं ते सांगू. नाट्यगृहात तिकीट काढलेला माणूस कंटाळला तरी बसून राहतो, कारण पैसे वसूल व्हायचे असतात. रस्त्यावर तसं नाही. आवडलं तर थांबला, नाही तर वडापाव घेऊन पुढे गेला. कांटने १७९० साली लिहिलं की सौंदर्याचा निवाडा स्वार्थापासून मोकळा असावा. आम्ही वर्गात ते वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रेक्षक पाहायचा तर पथनाट्याभोवतीच्या कोंडाळ्यात पाहावा. एनसीपीएच्या दारात बिचकणारा माणूस इथे पुढच्या रांगेत उभा असतो. ही कमाई लहान नाही.

पण एक विचारू या. हा प्रेक्षक उठून गेला तर कुणाचं काय बिघडतं? खर्च प्रायोजकाने आधीच भरलेला असतो. म्हणजे कला प्रेक्षकाला दान मिळते, आणि दान घेणाऱ्याचं मत कोण विचारतो? आता डोंबारी बघा. तोही उघड्यावर, तिकिटाशिवाय खेळ करतो. शेवटी थाळी फिरते. ज्याला खेळ भावला तो टाकतो, बाकीचे मान वळवतात. निवाडा झाला! आम्हाला तर यातच प्रेक्षकाचा जास्त मान दिसतो.

आणि इथे कायदा येतो. भीक मागण्याला प्रतिबंध करणारा मुंबईचा १९५९ चा कायदा. त्यातल्या ‘भीक’च्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं असं काही निमित्त करून सार्वजनिक जागी पैसे मागणंही बसतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं संस्थेत डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली मुख्य कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती. महाराष्ट्रात कायदा उभाच आहे. तेव्हा एकाच फुटपाथवर, एकाच ढोलकीवर, मंचावर चढलेला तो लोककलावंत आणि मंच नसलेला तो भिकारी! फरक कलेचा नाही. पैसे कुठल्या हाताने आले याचा आहे.

कुणी म्हणेल, डोंबारी पोरीला दोरावर चढवतो. ते आम्हालाही पटत नाही. पण हा कायदा त्यासाठी केलेलाच नाही, तो मोठ्या माणसालाही तसाच धरतो.

आमचा आक्षेप महोत्सवाच्या असण्याला नाही. त्याने नऊ दिवस रहदारी थांबवून दाखवली. रॅम्पार्ट रो माणसांना चालायला मिळाला. ज्यांच्या शब्दाला एवढं वजन आहे, त्यांनी त्याच रस्त्याचा एक कोपरा थाळी फिरवणाऱ्यांसाठी मागावा, आणि नऊ दिवसांपुरता नव्हे, वर्षभरासाठी. प्रायोजकाची पाटी तिथे नको. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. भाईंदरची बस लवकर बंद होते.