ध्यानाने ताण कमी होतो? आधी विचारा, कशाच्या तुलनेत?

पीएचडीला लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "ध्यान कर, बरं वाटेल." आपल्या ठाण्यात तर कसारा घाट ओलांडला की इगतपुरी, म्हणजे सत्यनारायण गोएंकांनी उभं केलेलं विपश्यनेचं केंद्र. दहा दिवस मौन पाळून आलेलं कुणी ना कुणी नौपाड्यात ओळखीचं निघतंच. "मला फरक पडला" असं ते सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. पण संशोधन करायचं असेल तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो. फरक ध्यानाने पडला, की दहा दिवस मोबाईल, गाईड आणि लॅब यांपासून लांब राहिल्याने?

हा प्रश्न नीट हाताळणारा एक पेपर वाचायलाच हवा. माधव गोयल आणि सहकाऱ्यांचा हा आढावा २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. त्यांनी ४७ प्रयोग निवडले, एकूण ३,५१५ सहभागी. निवडीची अट महत्त्वाची आहे: नियंत्रण गटाला नुसतं प्रतीक्षायादीत बसवलेलं चालणार नाही, त्यालाही तेवढाच वेळ आणि लक्ष देणारं काहीतरी मिळालं पाहिजे. कारण कुणीतरी आठ आठवडे आपली विचारपूस केली, तरी माणसाला बरं वाटतंच!

निष्कर्ष काय? माइंडफुलनेस ध्यानाने आठ आठवड्यांनी चिंतेवर ०.३८ आणि नैराश्यावर ०.३० इतका इफेक्ट साइझ दिसला. तीन ते सहा महिन्यांनी तो ०.२२ आणि ०.२३ वर आला. ०.३८ म्हणजे किती? गुण घंटेच्या आकारात पसरलेत असं धरलं, तर ध्यान करणाऱ्या १०० पैकी साधारण ६५ जण नियंत्रण गटाच्या सरासरीपेक्षा कमी चिंतेत असतील. ध्यानाचा काहीच परिणाम नसता तर हा आकडा ५० असता. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही. आणि व्यायाम, औषधं किंवा इतर मानसोपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

पेपरची ताकद त्याच्या कडक चाळणीत आहे. पण मर्यादाही बघा. चिंता, नैराश्य, दुखणं अशा वेगवेगळ्या तक्रारींचे रुग्ण एका आढाव्यात आले आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा पीएचडीच्या विद्यार्थ्याला लावता येत नाही. शिवाय ध्यानाने कुणाला त्रास झाला का, हे मोजक्याच प्रयोगांनी नोंदवलं होतं. नोंद नाही म्हणजे त्रास नाही, असा अर्थ काढायचा नसतो. गट बदलला की उत्तरही बदलू शकतं. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाच्या प्रयोगात ८५ शाळांपैकी साधारण निम्म्या शाळांतल्या मुलांना माइंडफुलनेस शिकवलं. २०२२ मध्ये निकाल आला: शाळेच्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही.

मला खरी अडचण वाटते ती पेपरबाहेर. फेलोशिप चार-चार महिने येत नाही, गाईड ड्राफ्ट वाचत नाही, आणि यावर उपाय म्हणून ध्यानाची कार्यशाळा भरते. मग ताण व्यवस्थेचा असूनही दोष विद्यार्थ्याच्या मनावर येतो. श्वासाकडे लक्ष दिल्याने अडकलेलं बिल पास होत नाही. रात्री झोप लागायला मदत झाली, तर तेवढं श्रेय ध्यानाला जरूर द्या.

ध्यान हा एकच रस्ताही नाही. नौपाड्यातली आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था. नाडकर्णी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठीत सातत्याने मांडत आले आहेत. तिथे "पेपर रिजेक्ट झाला म्हणजे मी नालायक" या विचाराशी थेट वाद घालायचा असतो. ध्यानात तोच विचार येताना-जाताना नुसता बघायचा असतो. कुणाला काय जमेल हे वेगळं असू शकतं.

तर यापुढे "ध्यानाने ताण घटतो" अशी बातमी दिसली की तीन गोष्टी शोधा: नियंत्रण गटाला काय दिलं, किती जण मध्येच सोडून गेले, आणि सहा महिन्यांनी काय उरलं. आणि कित्येक आठवडे झोप, भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पेपर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.