ओळ संपल्यावरचा श्वास : ज्युनियर वेल्सचा 'हूडू मॅन ब्लूज'

माउथ ऑर्गनवाला ज्या बँडचा नायक, त्याच्या अल्बममध्ये माउथ ऑर्गनचा पूर असणार असं आपण गृहीत धरतो. ज्युनियर वेल्सचा पहिला अल्बम 'हूडू मॅन ब्लूज' पहिल्याच गाण्यात ही समजूत मोडतो. इथे तो कमी वाजवतो, आणि अल्बमचं मोठेपण त्यातच आहे.

सप्टेंबर १९६५मध्ये शिकागोत दोन दिवसांत हे ध्वनिमुद्रण झालं. वेल्स नवखा नव्हता. लिटल वॉल्टरने १९५२मध्ये मडी वॉटर्सचा बँड सोडल्यावर ती जागा त्यालाच मिळाली होती. मात्र तोवरचं त्याचं काम तीनेक मिनिटांच्या सुट्या रेकॉर्डवर विखुरलेलं होतं. डेलमार्क या छोट्या कंपनीच्या बॉब केस्टरने वेळेची ती अट काढली आणि शिकागोच्या साउथ साइडमधल्या क्लबांत जसा बँड वाजतो, तसाच तो वाजू दिला.

बँड चौघांचा : वेल्स, गिटारवर बडी गाय, बेसवर जॅक मायर्स, ड्रमवर बिली वॉरन. पियानो नाही, दुसरी गिटार नाही. त्यामुळे आवाजांच्या मधे मोकळी जागा राहते. वेल्स एक ओळ गातो, आणि त्याच तोंडाने, त्याच श्वासाने वाद्यातून तिला उत्तर देतो. सवाल-जवाब एकाच माणसाचा. श्वास आत ओढत तो स्वर खाली वाकवतो, तेव्हा मींडेची आठवण येते. पण हेलकावा पुरा होण्याआधीच तो थांबतो आणि उरलेलं गायची गिटार हळू आवाजात सांगते. 'इन द वी अवर्स' या संथ गाण्यात हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं.

त्या काळात अनेक गोऱ्या श्रोत्यांना 'खरा' ब्लूज म्हणजे खेड्यातला म्हातारा आणि त्याची साधी गिटार असं वाटे. 'स्नॅच इट बॅक अँड होल्ड इट'मध्ये वेल्स जेम्स ब्राउनच्या ठेक्यावर नाचतो. पुढे केनी बरेल या जॅझ गिटारवादकाची रचनाही वाजवतो. ब्लूज हा जपून ठेवायचा वारसा नाही, या आठवड्यात लोक ज्यावर नाचतात ते संगीत आहे, हे तो वाजवून दाखवतो.

सगळंच जमलेलं नाही. 'हाउंड डॉग' बिग मामा थॉर्नटनच्या गाण्यापुढे उगाच घाईत उरकल्यासारखं वाटतं. आणि सुरुवातीच्या वेष्टनावर बडी गायचं नाव नव्हतं. तो चेस कंपनीशी करारबद्ध असल्याच्या समजुतीने 'फ्रेंडली चॅप' असं छापलं होतं. अर्ध्या संवादाचा धनी निनावी राहिला. शीर्षकगीतात तर त्याचा अँप्लिफायर बिघडला, म्हणून गिटार हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवली गेली. तो थरथरता, पाण्याखालून आल्यासारखा आवाज आज गाण्यापासून वेगळा काढता येणार नाही.

माउथ ऑर्गनची कसरत ऐकायची असेल, तर दुसरे अल्बम पुष्कळ आहेत. कुठे थांबायचं हे कळलेला वादक ऐकायचा असेल, तर इथूनच सुरुवात करावी.